कुरोड्यांची करोडगिरी

एजंट लावायचा नाही, हे हेमचंद्ररावांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं. ज्या माणसाने ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात सुपरिटेंडंटच्या खुर्चीवर बसून अर्ध्या जिल्ह्याच्या पोरांचे अर्ज 'अपूर्ण' असा शेरा मारून परत पाठवले, त्याने घरचा अर्ज भरायला एजंट धरायचा म्हणजे आचाऱ्याने डबा लावून जेवण्यासारखं होतं. "अर्ज म्हणजे काय असतो हे मला शिकवायचं नाही," ते चारुशीलाबाईंना म्हणाले. चारुशीलाबाई शिकवत नव्हत्याच. त्या गहू निवडत होत्या.

प्रकरण कुरोड्यांचं होतं. पुण्या-मुंबईचे लोक ज्याला कुरडई म्हणतात, ती आदिलाबादला कुरोडी. गहू भिजवा, वाटा, चीक काढा, शिजवा, सोऱ्यातून गच्चीवरच्या जुन्या साडीवर पाडा आणि वाळल्या की तळा. चारुशीलाबाईंचा भाचा आलोक मस्कतला किराणा दुकान चालवतो. त्याचा फोन आला, "मावशी, इथं आपल्याकडचे लय लोक हायेत. अखाजीला आमरसासंगं कुरोडी पायजे म्हणतात. नागपूरच्या कारखान्याची येते, पण ते दाताखाली प्लॅस्टिकवानी लागते. तू पाठव. फक्त रीतसर पाठव. निर्यातीची नोंदणी, कस्टम्सची नोंदणी, सगळं पायजे. अखाजीच्या आत नाही जमलं तर मले नागपूरवाल्यालेच सांगा लागन, अन् तो वर्षभराचा करार मागून राह्यला."

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; तिला अजून वेळ होता, पण चारुशीलाबाईंनी दुसऱ्याच दिवशी खोकी छापून आणली. नोंदणी नाही, परवाना नाही, गहू अजून भिजायचे, पण खोकी तयार. वर ठसठशीत अक्षरांत 'चारुशीला कुरोडी, आदिलाबाद'. हेमचंद्ररावांनी खोकं हातात फिरवून पाहिलं आणि घाई झाली असं मत दिलं. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "हे पाहा, लग्नात, बारशात, भिशीत, सगळीकडे मी सुपरिटेंडंट साहेबांची मिसेस. माझ्या कुरोड्या सारा गाव खाते अन् म्हणते, साहेबांच्या घरच्या कुरोड्या. साहेबांनं कधी सोऱ्या धरला का? एकदा तरी कोणी खाऊन माझं नाव वाचावं, एवढंच हाय." हेमचंद्रराव लॅपटॉप उघडून बसले.

पहिला दणका नावाच्या रकान्यातच बसला. मालक म्हणून त्यांनी सवयीने स्वतःचं नाव लिहिलं. घरचा गॅस, वीज, पाण्याचा नळ, सगळं त्यांच्याच नावावर. निर्यात तेवढी वेगळी कशाला? मग आठवलं की सरकारी नोकराला धंदा करायला बंदी आहे, आणि या नियमाचं परिपत्रक कॉलेजात सगळ्यांना वाचून दाखवून सह्या घेणारे ते स्वतःच होते. त्यांनी नाव खोडलं, चारुशीलाबाईंचं घातलं, आणि आपण मोठं औदार्य दाखवत आहोत असा चेहरा केला.

पण मालक बदलला की ओटीपीही बदलतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आता प्रत्येक पायरीला ओटीपी जायचा चारुशीलाबाईंच्या फोनवर. फोन गच्चीवर, बाई गच्चीवर, दोन्ही हात कोपरापर्यंत चिकात. खाली लॅपटॉपवर सेकंद उलटे पळताहेत आणि हेमचंद्रराव जिन्यात उभे राहून ओरडताहेत, "आला का?" वरून सोनाबाई आकडे वाचायची. सोनाबाई जैनथहून भाजी घेऊन यायची आणि दुपारी सोऱ्या दाबायला थांबायची. तिला आकडे येत होते, पण ती ते भाजीच्या हिशेबात सांगायची, "चार, मंग दीड, मंग..." "दीड नसते सोनाबाई!" "मंग एक अन् पाच म्हणा ना, माह्यावर काऊन ओरडता?" तोवर मुदत संपलेली असायची. ज्याच्या टेबलासमोर पोरं तास तास उभी राहायची, तो माणूस आता बायकोच्या फोनसाठी जिन्यात उभा होता.

अशाच एका फेरीत फाटकाशी दादाजींनी त्यांना धरलं. दादाजी शेजारचे, नव्वदीच्या घरातले, कान अर्धा गेलेला, जीभ पूर्ण शाबूत. त्यांचे वडील निजामाच्या अमलात पैनगंगेच्या नाक्यावर चपराशी होते, आणि त्या नाक्याचा रुबाब दादाजींच्या अंगात अजून होता.

"काय धावपळ करून राह्यले हो हेमचंद्रराव?"

"कस्टम्समध्ये नोंदणी करतोय, दादाजी. चारुशीलाच्या कुरोड्या परदेशी पाठवायच्या आहेत."

"कष्टम? म्हंजे आपली करोडगिरी!" दादाजींचे डोळे चमकले. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरीच म्हणत. "वा! कुरोड्यांची करोडगिरी! आमच्या बाच्या टायमाले करोडगिरीचा माणूस आला का गाडीवानांची धोतरं ढिली होत. तुमच्या घरी करोडगिरी आली म्हंता?"

दादाजी हे वाक्य घेऊन पारावर गेले. पारावरून ते बसस्टँडवर गेलं, तिथून भाजीबाजारात. वाटेत कुरोड्या गळल्या, मग गिरी गळली, आणि संध्याकाळपर्यंत गावात एवढंच उरलं की सुपरिटेंडंट साहेबांच्या घरी करोड आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळाचे दोन पंच वर्गणीला आले. मागोमाग विमाएजंट. दुपारी विमलबाई, नात्याने लांबच्या पण स्थळांच्या बाबतीत अगदी जवळच्या, हेमचंद्ररावांच्या लेकीसाठी, आरोहीसाठी, दोन पत्रिका घेऊन हजर. आरोही हैदराबादला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिचं लग्न घरात कोणाच्या मनातही नव्हतं. "पोरगा डॉक्टर हाय," विमलबाई म्हणाल्या, "पयले ते लोक आपल्याकडे पाहत नव्हते. आता सोतःहून विचारून राह्यले." हेमचंद्ररावांनी खुलासा करकरून घसा बसवला. फक्त दूधवाल्याला त्यांनी खुलासा केला नाही. तो आता त्यांना 'शेठ' म्हणत होता, आणि दुधावर साय येऊ लागली होती.

या सगळ्यात निर्यातीचा नंबर मात्र खरोखर आला. हेमचंद्ररावांनी त्याचा कागद छापून देवापुढे ठेवला. पुढची पायरी कस्टम्सची. तिथे एका रकान्यात विचारलं होतं: ए. डी. कोड.

हेमचंद्रराव हसले. केंद्र सरकारला इतकी जाण असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ए. डी. म्हणजे आदिलाबाद, त्याला काय विचारायचं? आता आदिलाबादच्या माणसाला आपल्या जिल्ह्याचा कोड माहीत नाही असं होतच नाही. अख्ख्या राज्यात गाड्यांच्या पाटीवर पहिला क्रमांक आपला. आंध्रचं तेलंगण झालं, पाटीवरची अक्षरं बदलली, पण शून्य-एक काही कोणी हलवू शकलं नाही. हैदराबादच्या माणसांनाही नंबरांच्या यादीत आपल्या मागे थांबावं लागतं, याचा त्यांना कायम आनंद वाटे. त्यांनी रुबाबात 'शून्य एक' लिहून पाठवून दिलं.

अर्ज परत आला. शेरा: 'अपूर्ण'.

तो शब्द त्यांचा होता. तो दुसऱ्या कोणी वापरावा, आणि तोही त्यांच्यावर, हे त्यांना फार लागलं. त्या दिवशी ते जेवले, पण भात परत घेतला नाही.

शेजारच्या संतोषचं हार्डवेअरचं दुकान. त्याने सल्ला दिला, "भाऊ, मले वाटते पूर्ण नंबर पायजे. तुमच्या स्कूटरचा टाकून पाहा." हेमचंद्ररावांना हे पटलं, हीच खरी शोकांतिका. स्कूटरचा नंबर गेला आणि परत आला. मग ते बँकेत गेले. मॅनेजर कर्नूलकडून नुकतेच बदलून आलेले, भले गृहस्थ. त्यांनीही चष्मा काढून विचार केला आणि विचारलं, "ए. डी. मीन्स आदिलाबाद कदा, सर?" तेलुगूत कदा म्हणजे ना. दोन सज्जनांचं एकमत झालं, पण काम काही झालं नाही. शेवटी मॅनेजरांनी मोठ्या शाखेत फोन लावला. तिकडून कळलं की ए. डी. म्हणजे परदेशी पैशाचा व्यवहार करायची परवानगी असलेली बँक. तिचा कोड तिच्या पत्रावर मिळतो, आरटीओकडे नाही. फोन स्पीकरवर होता. बँकेतल्या रांगेने सगळं ऐकलं. एकाने हेमचंद्ररावांना बसायला खुर्ची दिली.

घरी येऊन त्यांनी चारुशीलाबाईंना फक्त एवढंच सांगितलं की बँकेचं एक तांत्रिक पत्र राहिलं होतं, ते मार्गी लावलं. चारुशीलाबाईंना सगळं ते घरी यायच्या आधीच सोनाबाईकडून कळलेलं होतं. त्यांनी ताटात एक जास्तीची तळलेली कुरोडी वाढली.

अखाजी जवळ येत चालली होती. आता एकच रकाना उरला: मालाचं वर्णन, इंग्रजीत. कुरोडीला इंग्रजीत काय म्हणतात? संतोष म्हणाला, "नूडल्स लिवा." हेमचंद्रराव उसळले. आज्या-पणज्यांच्या कुरोडीला चिनी नाव? दादाजींनी 'गेहूं की जाली' सुचवलं आणि ते पोचवायला उर्दूत अर्ज लिहून द्यायची तयारी दाखवली. हेमचंद्रराव गच्चीवर गेले, वाळत घातलेली एक कुरोडी उन्हात धरून पाहिली. पांढरी, गोल, धाग्यांत धागा गुंतलेली. त्यांना शब्द सापडला. खाली येऊन त्यांनी लिहिलं: 'एडिबल नेस्ट्स, व्हाइट, हँडमेड'. खाण्याची घरटी, पांढरी, हाताने केलेली.

"अहो," चारुशीलाबाई मागून वाचत म्हणाल्या, "नेस्ट म्हंजे पाखराचं झालं ना?"

"आकार कळला पाहिजे. वर्णनात आकार महत्त्वाचा," असं म्हणून हेमचंद्ररावांनी बटण दाबलं.

आता हे खरं आहे की पूर्वेकडच्या काही देशांत पाकोळी नावाच्या एका पक्ष्याची घरटी सूप करून खातात आणि ती फार महाग असतात. कस्टम्सच्या लोकांना हे माहीत असतं. आदिलाबादच्या सुपरिटेंडंटला माहीत असायचं कारण नाही. तिकडून प्रश्न आला: घरटी कोणत्या पक्ष्याची? कोणत्या जंगलातून गोळा केली? वन खात्याचं प्रमाणपत्र जोडावं.

एखाद्याने इथे लगेच चूक कबूल केली असती. पण हेमचंद्ररावांचं म्हणणं असं की कागदाला कागदानेच उत्तर द्यावं. ते वन खात्यात गेले आणि 'आमच्याकडे पक्षी नाहीत असं प्रमाणपत्र हवं' असा अर्ज दिला. ज्या माणसाकडे पक्षी नाहीत तो असा अर्ज का देईल, हा विचार कोणाच्याही मनात येतो. वन खात्याच्याही आला. दुसऱ्याच दिवशी खाकी वर्दीतला एक गार्ड मोटारसायकलवरून दारात उतरला.

चारुशीलाबाई बाजारात गेल्या होत्या. हेमचंद्रराव त्याला गच्चीवर घेऊन गेले, आणि वर पाय ठेवताच गार्ड थबकला. पाच-सहा साड्या अंथरलेल्या, आणि त्यांवर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत पांढरी घरटीच घरटी.

"अय्यो! इत्ते चिड़ियां कां से लाए, सार?"

"चिडिया नहीं है. ये गेहूं का है."

"गेहूं खानेवाला चिड़िया है क्या?"

हेमचंद्रराव काही बोलायच्या आत सोऱ्या बाजूला ठेवून सोनाबाई पुढे आली. "हे घरटं म्या घातलं," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "लिवून घे बाप्पा. पाखराचं नाव सोनाबाई, रायते जैनथले."

गार्ड माणूस चांगला होता. त्याने बसून चार तळलेल्या कुरोड्या खाल्ल्या, दोन घरी नेल्या, आणि साहेबाला प्रामाणिक अहवाल दिला. तो अहवाल शिक्क्यासकट हेमचंद्ररावांच्या हाती आला, आणि त्यांनी तो न वाचताच मोठ्या समाधानाने कस्टम्सला पाठवला. त्यात लिहिलं होतं: 'सदर ठिकाणी पांढरी घरटी फार मोठ्या संख्येने आढळली. पक्षी आढळला नाही.'

कस्टम्सचं उत्तर तातडीने आलं. मालकिणीने मालासह हैदराबादला समक्ष हजर व्हावं. अखाजी पुढच्याच आठवड्यात होती. आलोकचा रोज फोन, आणि प्रत्येक फोनमध्ये नागपूरवाला थोडा थोडा जवळ येत होता.

चारुशीलाबाईंनी पत्र वाचलं आणि प्रथमच त्यांचे डोळे भरून आले. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "नागपूरवाल्याचं नशीब. खोकी आपल्याले रद्दीत घालता येतील." भांडली असती तर बरं झालं असतं, असं हेमचंद्ररावांना वाटलं. "जायचं," ते म्हणाले. "दोघांनी जायचं. खोकं मी धरतो."

बस नेरडीगोंड्याच्या घाटात वळणं घेत होती आणि हेमचंद्रराव खोकं मांडीवर घेऊन नव्या बाळंतिणीसारखे जपून बसले होते. शेजारच्या प्रवाशाने विचारलंच, "काय हाय त्यात?" त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कमी शब्दांत उत्तर दिलं, "कुरोडी."

कस्टम्सचे साहेब पोक्त, मिशीवाले, तेलुगू वळणाची हिंदी बोलणारे. त्यांनी खोक्यातून एक कुरोडी काढली, खिडकीशी नेली, भिंगाखाली धरली. हुबेहूब घरटं. त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, "मॅडम, इसमें लार है क्या?"

"क्या है?"

"लार. पक्षी का थूक. ये घोंसला उसीसे बनता है."

चारुशीलाबाई उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत हेमचंद्ररावांनी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "थूक? मेरे कुरोडी में थूक? साब, आपके यहां कढई है क्या? तेल है क्या? चलो!"

आणि केंद्र सरकारचा एक अधिकारी आपल्याच कार्यालयात एका बाईच्या मागोमाग कँटीनमध्ये गेला. चारुशीलाबाईंनी पदर खोचला, कँटीनवाल्याला बाजूला केलं, तेल कडकडीत तापू दिलं आणि एक कुरोडी सोडली. ती तेलात सर्रकन उमलून कढईभर झाली. दुसरी सोडली. वासाने वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. साहेबांनी पहिला तुकडा मोडला, तो कुर्रकन वाजला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सरकार उतरलं. "अरे, ये तो हमारे वडियालू जैसा है! मेरी अम्मा चावल का बनाती थी." त्यांनी दुसरी घेतली. मग कारकुनांनी घेतल्या. मग रांग लागली. मस्कतला जायच्या नमुन्यातला अर्धा माल भारत सरकारने खाल्ला, आणि चारुशीलाबाई तळत होत्या, हसत होत्या, आणि प्रत्येकाला खोक्यावरचं नाव बोटाने दाखवत होत्या. हेमचंद्रराव झारा धरून तेल निथळवत होते. त्यांना फार आनंद होत होता, आणि कशाचा ते त्यांनी तपासलं नाही.

टेबलाशी परत आल्यावर साहेबांनी वर्णनाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: 'कुरोडी, गव्हाच्या चिकाची, तळून खाण्याची'. नोंदणी पुढे सरकली. माल अखाजीच्या आत जाईल, असं ते म्हणाले. मग चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "लेकिन ये 'नेस्ट' किस अकलमंद ने लिखा था?"

हेमचंद्ररावांना अचानक भिंतीवरच्या पंख्यात रस वाटू लागला.

"मैंने लिखा साब," चारुशीलाबाई म्हणाल्या. "मेरेकू इंग्लिश नहीं आता ना."

हे साफ खोटं होतं. चारुशीलाबाई इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या होत्या. एक कारकून तोंडावर हात ठेवून हसला. जिच्या कुरोडीसाठी आत्ता अख्खं कार्यालय रांगेत उभं होतं, तिला लोकांनी हसावं आणि आपण पंखा बघत बसावं, हे हेमचंद्ररावांच्या घशाखाली उतरेना. ते उठले. शर्ट खाली ओढला. ऑफिसात उभे राहत तसेच ताठ उभे राहिले.

"वो अकलमंद मैं हूं, साब. मॅडमने मना किया था. मैंने सुना नहीं."

"आप कौन?"

सुपरिटेंडंट हा शब्द ओठांपर्यंत आला. तो घरून निघताना खिशात ठेवलेल्या ओळखपत्रावरही होता. हेमचंद्ररावांनी खोक्याकडे पाहिलं, खोक्यावरच्या नावाकडे पाहिलं, आणि नावाच्या मालकिणीकडे पाहिलं.

"मैं मॅडम का क्लर्क."

साहेब खो खो हसले. सही केली, शिक्का मारला, आणि कागद चारुशीलाबाईंच्या हातात देत म्हणाले, "क्लर्क ईमानदार है मॅडम. रख लीजिए."

चारुशीलाबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"सध्या प्रोबेशनवर ठेवते," त्या म्हणाल्या, आणि खोकं उचलून त्यांच्या हातात दिलं.